डॉक्टर लूसी विल्स

औषधाच्या कोणत्याहि दुकानांत आज पाऊल टाकावें, तों जीवनसत्त्वें व खनिजद्रव्यें यांच्या गोळ्यांनीं भरलेल्या रंगीबेरंगी बाटल्या समोरच मांडलेल्या दिसतात. पुष्कळ घरांतून सकाळच्या चहाबरोबर अशी एखादी गोळी घेण्याचा परिपाठच पडून गेला आहे. आई ती मुलाच्या हातावर ठेविते, आजोबा ती न चुकतां घेतात. कोणी डॉक्टरांस विचारून घेतो, तर कोणी शेजाऱ्यानें सांगितलें म्हणून घेतो. गोळी लहान, किंमत बेताची, आणि आंत असतें तें अन्नांतीलच सत्त्व; तेव्हां झाला तर लाभच होईल, अपाय कांहीं व्हावयाचा नाहीं, अशी सर्वांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हें पाहावयाचें असेल तर एका इंग्रज विदुषीचें चरित्र वाचावें. या विदुषीचें नांव डॉक्टर लूसी विल्स. त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें कार्य लंडनमध्यें नव्हे, तर आपल्या मुंबईंत, परळच्या प्रयोगशाळेंत घडलें. आणि गर्भवती स्त्रियांस आज जगभर जी फॉलिक ॲसिडची गोळी देण्यांत येते, तिचें मूळ त्या कार्यांत आहे.

लूसी विल्स यांचा जन्म ता. १० मे १८८८ रोजीं इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहराजवळच्या सटन कोल्डफील्ड या गांवीं झाला. घराणें सुखवस्तु व विद्याप्रेमी होतें. वडील विज्ञानाचे पदवीधर होते व आईचे वडील बर्मिंगहॅममध्यें डॉक्टर होते. त्यामुळें शास्त्रीय विषयांची आवड लूसीबाईंस लहानपणींच लागली. १९०३ सालीं त्या चेल्टनहॅम येथील मुलींच्या प्रसिद्ध विद्यालयांत दाखल झाल्या. मुलींस गणित व शास्त्रें शिकविणाऱ्या त्या काळच्या मोजक्या शाळांपैकीं ती एक होती. तेथून १९०७ सालीं त्या केंब्रिज येथील न्यूनहॅम कॉलेजांत गेल्या, आणि वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र या विषयांचा अभ्यास करून १९११ मध्यें तेथील शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. परंतु केंब्रिज विद्यापीठांत त्या काळीं स्त्रियांस परीक्षेस बसूं देत, पदवी मात्र देत नसत! पुरुषांच्या बरोबरीनें पदवी मिळण्यास तेथील स्त्रियांस १९४८ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

याच सुमारास त्यांच्या घरावर दुःखाचे आघात झाले. १९११ मध्यें वडील वारले व १९१३ मध्यें वडील बहीण ऐन तारुण्यांत मरण पावली. मन रमविण्यासाठीं लूसीबाई आईसह सिलोनला गेल्या, व पुढील वर्षीं दक्षिण आफ्रिकेस गेल्या. तेथें असतांनाच १९१४ चें महायुद्ध सुरू झालें. केप टाउन येथें कांहीं आठवडे त्यांनीं रुग्णशुश्रूषेचें काम केलें. आपलें जीवित कोणत्या कामीं लावावें, हा प्रश्न या काळांत त्यांच्या मनांत घोळत असावा. कारण इंग्लंडला परत येतांच, १९१५ च्या जानेवारींत, त्यांनीं लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळाशीं संलग्न असलेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत नांव घातलें. या विद्यालयांत हिंदुस्थानांतूनहि विद्यार्थिनी येत असत. त्यांपैकींच एक म्हणजे डॉ. जेरुशा झिराड. मराठी ही जिची घरची भाषा, त्या बेने इस्रायल समाजांत जन्मलेल्या या बाई पुढें मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. विल्सबाई १९२० सालीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटून पैसा मिळविण्याचा मार्ग त्यांस मोकळा होता. पण त्यांनीं संशोधन व अध्यापन हाच मार्ग पत्करला.

१९२८ सालीं त्यांच्या आयुष्यास कलाटणी मिळाली. हिंदुस्थानांत त्या वेळीं बाळंतपणांत पुष्कळ स्त्रिया दगावत. या मृत्यूंच्या कारणांची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या संस्थेनें हातीं घेतली होती, व त्या कामीं साहाय्य करण्यास डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनीं विल्सबाईंस पाचारण केलें. त्या मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें काम करूं लागल्या. प्लेगची लस शोधून काढणारे डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें आली, व १९२५ मध्यें तिला त्यांचें नांव देण्यांत आलें. सभोंवार गिरण्यांचीं धुराडीं होतीं व गिरणीकामगारांच्या चाळी होत्या. ज्या रोगाचा शोध लावावयाचा, त्या रोगानें पीडलेल्या स्त्रिया याच कष्टकरी वर्गांतल्या होत्या.

हा रोग म्हणजे गर्भारपणांत होणारा एक भयंकर पंडुरोग. रोगी स्त्रीचा चेहरा फिकट पडे, चार पावलें चाललें तरी धाप लागे, शक्ति पार नाहींशी होई. आणि कित्येकदां बाळंतपणाच्या सुमारास माता व मूल दोघेंहि हातचीं जात. नेहमींच्या पंडुरोगांत शरीरांतील लोह कमी पडतें व रक्तांतील तांबड्या पेशी लहान होतात. या रोगांत मात्र सूक्ष्मदर्शकाखालीं उलट प्रकार दिसे. पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें वाजवीपेक्षां मोठ्या व अपक्व असत. तेव्हां केवळ लोह देऊन तो बरा होण्यासारखा नव्हता.

याच्याशीं पुष्कळ साम्य असलेला दुसरा एक पंडुरोग पाश्चात्य देशांत ठाऊक होता. त्याला घातक पंडुरोग म्हणत. त्यावर यकृत खाण्यास देणें हा रामबाण उपाय होय, असें १९२६ सालीं अमेरिकेंतील मायनॉट व मर्फी या डॉक्टरांनीं दाखवून दिलें होतें. मुंबईंतील रोगहि त्याच जातीचा असावा, असें वरवर पाहणारास वाटलें असतें. परंतु विल्सबाई वरवर पाहणाऱ्या नव्हत्या.

त्यांनीं पहिल्यानें चौकशी केली ती रोगी स्त्रियांच्या ताटांतील अन्नाची. कोणत्या समाजांतील, कोणत्या प्राप्तीच्या घरांतील स्त्री काय खाते, आणि तिला हा रोग होतो किंवा नाहीं, हें त्यांनीं पडताळून पाहिलें. तेव्हां असें दिसून आलें कीं, आहार जितका निकृष्ट तितका रोगाचा संभव अधिक. गरीब मुसलमान कुटुंबांतील स्त्रियांचा आहार सर्वांत सत्त्वहीन होता, व रोगहि त्यांच्यांतच अधिक आढळला. रोगाचें मूळ जंतूंत नसून दारिद्र्यानें रित्या राहिलेल्या ताटांत असावें, असा तर्क यावरून बळावला. मग तोच आहार त्यांनीं प्रयोगशाळेंतील उंदरांस दिला. तेव्हां गाभण उंदरांचें रक्त क्षीण होऊं लागलें. त्या अन्नांत यीस्ट घातलें असतां तीं उंदरें वांचूं लागलीं. १९२९ मध्यें कांहीं महिने निलगिरींतील कुन्नूर येथें व १९३१ मध्यें मद्रासेंतील एका इस्पितळांतहि त्यांनीं हें काम चालू ठेविलें.

प्रयोगशाळेंतील एक माकड निकृष्ट आहारामुळें रक्तक्षयानें अगदीं मरणोन्मुख झालें होतें. त्याला विल्सबाईंनीं मार्माइट दिलें. मार्माइट म्हणजे बीअर तयार झाल्यावर मागें उरलेल्या यीस्टपासून काढलेला काळसर, दाट व खारट अर्क. इंग्लंडांत तो पावास लावून खाण्याची चाल आहे. त्या अर्कानें माकड झपाट्यानें सुधारलें. मग इस्पितळांतील रोगी स्त्रियांस तो देण्यांत आला. आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तांत नव्या तांबड्या पेशी दिसूं लागल्या, अंगांत शक्ति येऊं लागली. हा वृत्तांत १९३१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. यकृताचा अर्क महाग, शिवाय मांसाहार वर्ज्य मानणाऱ्यांस अग्राह्य. त्या मानानें हें औषध स्वस्त व कोणासहि घेण्याजोगें होतें.

पुढील वर्षांत विल्सबाईंनीं आणखी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. यकृताचा ओबडधोबड अर्क मुंबईच्या रोगासहि लागू पडे. परंतु घातक पंडुरोगास बरा करणारा शुद्ध केलेला अर्क मात्र येथें निरुपयोगी ठरे. अर्थात् शुद्धीकरणांत कांहीं तरी गळून जात होतें, आणि तेंच या स्त्रियांस हवें होतें. दोन रोग सारखे दिसले तरी त्यांस लागणारीं सत्त्वें दोन निरनिराळीं आहेत, हा निर्णय त्यांनीं दिला. त्या अज्ञात सत्त्वास शास्त्रज्ञ विल्स घटक म्हणूं लागले.

शास्त्राची वाट सरळ नसते, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. उंदरांमध्यें दिसलेला रक्तक्षय उवांमुळें पसरणाऱ्या एका जंतूचा परिणाम होता, असें मागाहून उघडकीस आलें. पुरावा केवळ उंदरांवर अवलंबून असता, तर सारी इमारत कोसळली असती. परंतु विल्सबाईंनीं रोगी स्त्रियांचें रक्त प्रत्यक्ष तपासून, मोजून, लिहून ठेविलें होतें. म्हणून त्यांचा निष्कर्ष अबाधित राहिला.

१९३३ मध्यें विल्सबाई रॉयल फ्री इस्पितळांत परतल्या. १९३७ च्या अखेरीस त्या पुनः कांहीं आठवड्यांकरितां मुंबईस आल्या, व त्या खेपेस समुद्रावर उतरणाऱ्या विमानानें, टप्प्याटप्प्यांनीं, कराचीपर्यंत प्रवास करून आल्या. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँबवर्षाव होत असतां त्यांनीं आपलें काम सोडलें नाहीं. १९४४ च्या जुलैंत त्यांच्या इस्पितळावरच उडता बाँब पडून माणसें दगावलीं. तरी थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेचें काम पूर्ववत् सुरू झालें. १९४७ सालीं त्या निवृत्त झाल्या.

त्यांनीं ज्याचें अस्तित्व दाखविलें, तें सत्त्व यापूर्वींच हातीं आलें होतें. १९४१ मध्यें अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनीं सुमारें ४ टन पालकाच्या भाजींतून एक द्रव्य वेगळें काढलें, आणि पान या अर्थाच्या फोलियम या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड असें नांव दिलें. १९४५ मध्यें तें प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनें तयार करण्यांत आलें. ज्या अमेरिकन प्रयोगशाळेंत हें घडलें, तेथील संशोधनाचे प्रमुख आंध्रांत जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. विल्स घटक तो हाच, असें ठरलें.

आतां कथेंतील खरा बोध येतो. नवें औषध हातीं येतांच डॉक्टरांनीं तें घातक पंडुरोगाच्या रोग्यांसहि दिलें, आणि चमत्कार झाल्यासारखें वाटलें! फिकट चेहऱ्यांवर लाली आली, रक्ताची तपासणी निर्दोष ठरली. परंतु कांहीं महिन्यांनीं त्यांपैकीं पुष्कळांचे हातपाय बधिर होऊं लागले, चालतांना तोल जाऊं लागला. रक्त सुधारलें होतें, पण मज्जातंतु आंतल्याआंत झिजत होते. याचें कारण असें कीं, या रोग्यांस उणीव होती ती फॉलिक ॲसिडची नसून दुसऱ्याच एका सत्त्वाची होती. तें सत्त्व, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ सालीं अमेरिका व इंग्लंड या दोन्हीं देशांत स्वतंत्रपणें वेगळें काढण्यांत आलें. रक्ताच्या पेशी तयार होण्यास दोन्हीं सत्त्वें लागतात. फॉलिक ॲसिड भरपूर मिळालें तर पेशींचें काम कसेंबसें भागतें, पण मज्जातंतूंचें भागत नाहीं. म्हणजे धोक्याची घंटा बंद झाली, आग मात्र तशीच राहिली. दोन रोग व दोन सत्त्वें निरनिराळीं आहेत, हें विल्सबाईंनीं परळच्या प्रयोगशाळेंत ओळखलेलें सत्य असें कठोर रीतीनें पुनः सिद्ध झालें.

ही गोष्ट आपणांस दूरची वाटूं नये. ब-१२ हें सत्त्व वनस्पतींत नसतें. तें दूध, दहीं, अंडीं, मासे व मांस यांतून मिळतें. आपल्याकडे शाकाहारी कुटुंबें पुष्कळ असून त्यांच्यांत या सत्त्वाची उणीव वारंवार आढळते. अशा मनुष्यानें केवळ थकवा वाटतो म्हणून फॉलिक ॲसिडच्या मोठ्या मात्रा आपल्या मनानें घेतल्या, तर मूळ दोष लपून राहण्याचा संभव असतो. म्हणूनच गोळ्यांतून व सत्त्व मिसळलेल्या पदार्थांतून मिळणाऱ्या फॉलिक ॲसिडची मर्यादा प्रौढ माणसास दिवसास १००० मायक्रोग्रॅम एवढी अमेरिकन तज्ज्ञांनीं १९९८ सालीं ठरवून दिली. पालेभाजी, डाळी व उसळी यांतून मिळणाऱ्या सत्त्वास ही मर्यादा लागू नाहीं.

याचा अर्थ गोळी वाईट, असा मात्र कोणी करूं नये. १९९१ मध्यें ७ देशांत झालेल्या एका मोठ्या चांचणींत असें दिसून आलें कीं, ज्या स्त्रियांस पूर्वीं पाठीचा कणा नीट न जुळलेलें मूल झालें होतें, त्यांनीं गर्भधारणेपूर्वींपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास तसा दोष पुनः होण्याचें प्रमाण सुमारें पाऊणपटीनें घटतें. या स्त्रियांस मात्रा ४ मिलिग्रॅमची, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्याहि चौपट होती. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, विशिष्ट कारणासाठीं दिलेली होती. इतर स्त्रियांस गर्भधारणेपूर्वीं व पहिल्या कांहीं महिन्यांत दिवसास ४०० मायक्रोग्रॅम पुरेसें होतें. आपल्या सरकारच्या योजनेंत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींस शाळेंत आठवड्यांतून एकदां मिळणारी निळी गोळीहि लोह व फॉलिक ॲसिडचीच असते. ती मापून ठरविलेली आहे. म्हणून ती चुकवूंहि नये, व लवकर शक्ति यावी म्हणून एकदम दोन-चार घेऊंहि नयेत.

इतर सत्त्वांचीहि हीच गोष्ट आहे. अ आणि ड हीं जीवनसत्त्वें शरीरांत सांठून राहतात. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक यकृतास व गर्भांतील बालकास अपायकारक होतो. ड चा अतिरेक झाला तर रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडें बिघडतात. ब-६ च्या मोठ्या मात्रा दीर्घकाळ घेतल्या तर मज्जातंतूंस इजा होते. लोहाच्या गोळ्या खाऊ समजून लहान मुलांनीं मूठभर गिळल्यामुळें प्राणांतिक प्रसंग ओढवले आहेत. फिनलंडमध्यें २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर केलेली एक चांचणी १९९४ सालीं प्रसिद्ध झाली. गाजरांतील रंगद्रव्याच्या, म्हणजे बीटा-कॅरोटीनच्या, रोजच्या गोळीनें फुप्फुसाचा कर्करोग टळेल, अशी तेथें आशा होती. प्रत्यक्षांत तो गोळी घेणारांत १८ टक्क्यांनीं अधिक आढळला.

तेव्हां रोजची गोळी निर्धोक आहे काय, या प्रश्नास एकच एक उत्तर नाहीं. नेमलेल्या मात्रेंत साधी गोळी बहुतेक निरोगी माणसांस बाधत नाहीं. पण ज्याचें ताट भरलेलें आहे, त्याला तिचा लाभहि फारसा होत नाहीं. ज्याला खरोखर उणीव आहे, त्याला तीच गोळी जीवदान देते. पालकांनीं गोळी सुरू करण्यापूर्वीं ती कशासाठीं, हें डॉक्टरांस विचारावें. बाटलीवरील मात्रा वाचावी. दोन बाटल्यांत एकच सत्त्व दुप्पट तर होत नाहीं ना, हें पाहावें. आणि बाटली लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवावी. डॉक्टरांनीं दिलेली गोळी मात्र भिऊन आपल्या मनानें बंद करूं नये.

निवृत्तीनंतर विल्सबाई स्वस्थ बसल्या नाहींत. जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथें जाऊन त्यांनीं आहार व रक्तक्षय यांचा अभ्यास चालूच ठेविला. आयुष्याचीं शेवटचीं दहा वर्षें त्या लंडनमधील चेल्सी भागाच्या लोकनियुक्त सभासद होत्या. डोंगर चढण्याची व बर्फावरून घसरत जाण्याची त्यांना आवड होती. मोटारीचा डौल न मिरवितां त्या उतारवयांतहि सायकलवर बसून कामास जात. ता. २६ एप्रिल १९६४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांनीं विवाह केला नाहीं. परंतु त्यांच्या शोधामुळें सुखरूप जन्मास आलेलीं बालकें आज जगाच्या प्रत्येक देशांत आहेत.

विद्यार्थीमित्रहो, या चरित्रापासून घेण्याजोगी शिकवण ही कीं, सारखें दिसतें तें सारखें असतेंच असें नाहीं. आणि एकास जें अमृत तेंच दुसऱ्यास अपुरें किंवा अपायकारकहि ठरूं शकतें. विल्सबाईंनीं औषध देण्यापूर्वीं रोग्याच्या ताटांत काय आहे, तें पाहिलें. आपणहि बाटलीचें झाकण उघडण्यापूर्वीं आपल्या ताटाकडे पाहावें. त्यांत पालेभाजी, वरण, उसळ, फळ आणि दूध किंवा दहीं रोज येत असेल, तर पुष्कळसें औषध तेथेंच आहे. आणि परळच्या बाजूस कधीं गेलांत, तर हाफकिन इन्स्टिट्यूटच्या त्या जुन्या इमारतीपुढें क्षणभर थांबा. आपल्या मुंबईच्या गरीब मातांसाठीं सातासमुद्रांपलीकडून आलेली एक बाई तेथें सूक्ष्मदर्शकापुढें बसत असे, हें विसरूं नका.